कूलंट प्रेशर टेस्टर किट: तीन महिने वापरलं, एक चिवट गळती पकडली, त्याचा अनुभव

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आणि हे किट म्हणजे दाब देऊन त्याची गळती शोधायचं साधन. आधी हे किट का घ्यावं लागलं ते सांगते, कारण ज्यांना हाच त्रास आहे त्यांना त्यातूनच कळेल की आपल्याला ते लागणार आहे की नाही.

गाडी नऊ वर्षं जुनी, बाबा चालवतात, आणि बाबांना आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून ऑइल-पाणी बघायची सवय आहे, जी मला फार आवडते कारण त्या सवयीमुळेच हे सगळं वेळेत कळलं. एक दिवस म्हणाले, "अगं, कूलंट परत खाली गेलंय बघ, मागच्याच महिन्यात तर भरलं होतं." मी बघितलं तर मिनिमम रेघेच्या वर जेमतेम बोटभर. खाली जमिनीवर एक थेंब नाही, टेंपरेचरचा काटा एकदम नॉर्मल, एसी ठीक, हीटर ठीक, कुठे वास नाही, धूर नाही. कूलंट जात होतं हे नक्की आणि कुठे जात होतं हे कोणालाच माहीत नाही.

मग मी कूलंटच्या टाकीवर मास्किंग टेपची पट्टी लावली, पेनाने रेघ मारली, तारीख लिहिली, आणि महिन्याने सकाळी थंड इंजिनवर मापाच्या कपाने परत त्याच रेघेपर्यंत भरलं. २०० मिली लागलं. हे माप घ्याच, आधी हेच करा, कारण यातून खूप काही कळतं. महिन्याला २०० मिली म्हणजे दिवसाला साडेसहा-सात मिली, आणि एका मिलीचे ढोबळमानाने २० थेंब धरले तर दिवसाला सव्वाशे-दीडशे थेंब, म्हणजे साधारण दर ११ मिनिटांनी एक थेंब. आता सांगा, कोणी बॉनेट उघडून पाच मिनिटं टॉर्च मारली तर त्याला काय दिसणार? त्यात इंजिन गरम असेल तर तो एक थेंब पडायच्या आधीच वाळून जातो आणि मागे फक्त फिकट डाग उरतो.

आणि झालंही तसंच. पहिल्या गॅरेजमध्ये पाच मिनिटं बघून सांगितलं, "मॅडम, वॉटर पंप गेलाय, बदलून टाकू." कारण पंपाच्या खाली थोडा गुलाबीसर पांढरा खपला दिसत होता. दुसरीकडे म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) असू शकतं, इंजिन खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मला त्यांचा राग नाही खरं तर, कारण अशी गळती शोधायला गाडी रात्रभर थंड उभी ठेवावी लागते आणि कोणत्याही गॅरेजला एका गाडीसाठी तेवढी जागा आणि वेळ देणं अवघड आहे. पण अंदाजाने इंजिन खोलायला मी तयार नव्हते. तिथून हा टेस्टर घ्यायचं ठरलं.

किटमध्ये काय येतं तर एक हातपंप, सायकलच्या छोट्या पंपासारखा, त्यावर ० ते २.५ बारचा (बार म्हणजे दाबाचं एकक) गोल गेज, एक रबरी नळी, पटकन लागणारा कपलर, आणि वेगवेगळ्या आट्यांचे डझनभर अडॅप्टर, प्रत्येकाचा रंग वेगळा. टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण काढायचं, त्या जागी आपल्या गाडीला बसणारा अडॅप्टर लावायचा, पंप जोडायचा आणि हवा भरायची. शिवाय एक वेगळा तुकडा असतो ज्यावर आपलं झाकण उलट बसवून त्या झाकणाचीच तपासणी करता येते, त्याबद्दल नंतर सांगते कारण तो तुकडा लोक पेटीतच ठेवून विसरतात.

हे चालतं कसं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. गाडी चालते तेव्हा कूलंट बंद जागेत तापून फुगतं आणि दाब तयार होतो, आणि तो दाब मुद्दाम ठेवलेला असतो कारण त्यामुळे उकळायचं तापमान वर जातं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ डिग्रीला उकळतं, तेच १ बारच्या आसपास जास्तीच्या दाबाखाली १२९-१३० च्या घरात जातं. झाकण हा दाब धरून ठेवतं, त्यावर ०.९, १.१, १.४ असा आकडा छापलेला असतो, आमच्या झाकणावर १.१ आहे. आता छोटी भेग किंवा सैल जोड असेल तर तो गळतो दाबाखाली, पण दाब असतो तेव्हा इंजिन गरम असतं आणि आपल्याला हात घालता येत नाही, बघता येत नाही, पडलेला थेंबही वाळतो. टेस्टर हा दाब थंड इंजिनवर आणून देतो. त्याचं काम एवढंच आहे आणि ते फार मोठं आहे.

पण मी पहिल्या वेळी चुकीचं वापरलं, आणि मला वाटतं बहुतेक जण असंच वापरत असतील म्हणून सविस्तर लिहिते.

संध्याकाळी बाबा गाडी घेऊन आले, मी तीन तास थांबले, बॉनेटला हात लावला तर गार, म्हटलं झालं थंड. अडॅप्टर लावला, १ बारपर्यंत पंप मारला आणि बसून राहिले. अर्ध्या तासात काटा ०.८ वर. माझी खात्री पटली की मोठी गळती आहे, टॉर्च घेऊन तासभर सगळीकडे बघितलं, प्रत्येक होजखाली (कूलंटच्या रबरी नळीखाली) बोट फिरवलं, गाडीखाली आडवी झाले, आणि सगळं कोरडं ठणठणीत. त्या रात्री मला खरंच वाटलं की हेड गॅस्केटच आहे, कूलंट आतल्या आत सिलिंडरमध्ये जातंय, आणि मी खूप घाबरले.

दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे टेस्टर स्वतःच गळत होता. साबणाचं पाणी करून अडॅप्टरच्या बाजूने सोडलं तर बारीक बारीक बुडबुडे. अडॅप्टरच्या आत जी ओ-रिंग, म्हणजे सील करणारी रबरी कडी, येते ती कडक आहे आणि जरा बारीक आहे, नीट बसत नाही. मी त्या मापाची मऊ आणि किंचित जाड ओ-रिंग आणून बसवली, कूलंटचा एक थेंब लावून, आणि बुडबुडे बंद. हा या किटचा सगळ्यात मोठा दोष आहे, मी याचे मार्क कापणार आहे, कारण जे साधन गळती शोधायला घ्यायचं तेच गळत असेल तर माणूस भलत्याच दिशेला जातो. तुम्ही कोणतंही किट घ्या, गाडीला लावल्या लावल्या आधी साबणाचं पाणी मारून बघा. फक्त लक्षात ठेवा, साबणाचे बुडबुडे वर जिथे हवा आहे तिथेच येतील, खाली जिथे कूलंट भरलेलं आहे तिथे बुडबुडा येत नाही, तिथे ओल येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती किटच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेली नाही. वरून हात लावून गार लागणारं इंजिन आतून गार नसतं. ब्लॉकमध्ये एवढं धातू आणि एवढं कूलंट असतं की ते पूर्ण थंड व्हायला रात्र लागते. आणि कूलंट थंड होताना आकसतं. हिशोब करून बघा, आमच्या गाडीत साधारण ५ लिटर कूलंट आहे, हे मिश्रण एक डिग्री थंड झालं की लिटरमागे अर्ध्या मिलीच्या आसपास आकसतं, म्हणजे ५ लिटरला अडीच मिली, म्हणजे ५० थेंब, ते पण फक्त एका डिग्रीला! टाकीत वरती १५० मिली हवा धरली आणि १ बार दाब असला तर तेवढ्याने काटा ०.०३ ने खाली येतो, आणि अर्ध्या तासात इंजिन सहा डिग्री उतरलं तर जवळपास ०.२ ने. मला दिसलं होतं तेवढंच. म्हणजे एक थेंबही न गळता काटा १ वरून ०.८ वर येऊ शकतो, आणि तो बघून कोणी इंजिन खोलायला सांगितलं तर ते इंजिन उगाच खोललं जाईल.

याची उलट बाजू पण आहे. सकाळी लवकर टेस्ट लावली, गाडी उघड्यावर आहे, ऊन आलं आणि इंजिन दोन डिग्री तापलं, तर कूलंट पाच मिली फुगणार, आणि खरी गळती असली तरी काटा जागचा हलणार नाही, उलट वर जाईल. मग आपण खूश, गळती नाही म्हणून, आणि कूलंट जातंच आहे.

म्हणून माझं आता मत असं झालंय की एवढ्या छोट्या गळतीसाठी काट्यावर विसंबूच नये. मोठी गळती असेल, दोन मिनिटांत काटा खाली येत असेल, तर गोष्ट वेगळी, ती तर तशीही दिसतेच. छोट्या गळतीत काटा फक्त दाब टिकवायला बघायचा, आणि पुरावा मानायचा तो ओल्या थेंबाला. दाब धरून ठेवायचा आणि थेंब बाहेर यायची वाट बघायची.

तर दुसऱ्यांदा असं केलं. आदल्या दिवशी गाडी आत सावलीत लावली, रात्रभर हलवली नाही. रात्रीच इंजिनखालचं प्लास्टिकचं संरक्षण कव्हर काढून ठेवलं, आणि हे काढताना पहिला पुरावा मिळाला, त्या कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात धुळीत मिसळलेला गुलाबी चिकट थर होता. जमिनीवर कधी थेंब का दिसला नाही त्याचं उत्तर तिथेच मिळालं, सगळं त्या कव्हरवर पडून वाळत होतं. मी ते धुवून पुसून बाजूला ठेवलं. पहाटे टाकी मॅक्सिमम रेघेपर्यंत भरली, कारण वर हवा जितकी कमी तितकी गळती काट्यावर जास्त जाणवते. मग घरात असतो तो साधा पांढरा टिश्यू पेपर घेतला आणि हात पोचेल त्या प्रत्येक जोडाला एकेक पट्टी गुंडाळली, रेडिएटरची वरची-खालची होज, हीटरच्या दोन्ही होज, थर्मोस्टॅट हाउसिंग (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं घर), टाकीच्या खालचा जोड, सगळीकडे. वॉटर पंपाखाली पण एक घडी खोचली. रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून बसवलेल्या असतात त्या कडेला पण लावली, कारण जुन्या गाड्यांत तिथून बऱ्याचदा झिरपतं.

१ बार भरला. झाकण १.१ चं आहे, त्याच्या वर कधीच जायचं नाही, जुनं प्लास्टिक आणि जुनी होज जास्त दाबाने फुटू शकते आणि मग शोधायला गेलो एक आणि केलं दुसरंच असं होईल. सुरुवातीला काटा थोडा उतरतो कारण होज दाबाने जरा फुगतात, परत एक-दोन पंप मारून १ वर आणला की स्थिर होतो. मग मी लांब जाऊन बसले. खरंच लांब, कारण जवळ बसलं की हात शिवशिवतात.

एक तास वीस मिनिटांनी काटा जेमतेम अर्ध्या घराने उतरला होता, म्हणजे ०.९५ म्हणा, तेही नीट वाचता येत नव्हतं. पण टिश्यू! एअर फिल्टरच्या डब्याखाली, इंजिनच्या मागच्या बाजूला, थर्मोस्टॅट हाउसिंगमधून हीटरकडे जी होज जाते तिथली पट्टी गुलाबी ओली. बाकी सगळ्या कोरड्या. वॉटर पंपाखालची तर एकदम कोरडी आणि पांढरीशुभ्र. मी बाबांना हाक मारून दाखवलं, ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पंपाला उगाच दोष देत होते." मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येत नाही, दोन महिने छळणारी गोष्ट डोळ्यासमोर, बोटाला लागणारी ओली.

वॉटर पंपाबद्दल इथेच सांगून टाकते. पंपाच्या खाली एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं तर कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकापाशी थोडासा जुना वाळलेला डाग चांगल्या पंपावरही असू शकतो. डाग पुसा आणि परत येतो का बघा, नुसता डाग बघून पंप बदलू नका. आणि गळती एका ठिकाणी असते आणि दिसते भलतीकडेच. आमच्याकडे थेंब होजच्या पोटाखालून घरंगळत गिअरबॉक्सच्या कडेवर जात होता, तिथून खाली कव्हरवर.

खात्री करायला मी कूलंटमध्ये टाकायचा चमकणारा रंग पण वापरला, तो या किटमध्ये नव्हता, वेगळा घेतला, सोबत ३९५ नॅनोमीटरची जांभळी टॉर्च आणि पिवळा चष्मा. टाकीत ओतून इंजिन तापेपर्यंत चालवायचं, दोन-तीन दिवस गाडी वापरायची, मग अंधारात टॉर्च मारायची, जिथून गळतं तिथे हिरवट पिवळी चमक दिसते. चालतं छान, थेंबाचा पूर्ण मार्ग दिसतो. पण ओतताना जर हाताला लागला आणि तोच हात इकडे तिकडे लागला तर सगळीकडेच चमकायला लागतं आणि खोटे माग तयार होतात, म्हणून हातमोजे घाला, ओतून झालं की मोजे टाकून द्या, आणि टाकीच्या तोंडाभोवती धुवून घ्या. काही कूलंट मुळातच या टॉर्चखाली थोडी चमकतात, तर रंग टाकायच्या आधी एकदा टॉर्च मारून बघणं चांगलं. टेस्टर आणि टिश्यू असेल तर रंगाची गरज बऱ्याच वेळा पडणार नाही असं मला वाटतं, पण जिथे हातच पोचत नाही तिथे रंगच कामाचा.

आता दुरुस्ती. होज काढल्यावर कारण समजलं. कधीतरी कोणीतरी कंपनीची स्प्रिंगची क्लिप काढून तिथे स्क्रूने आवळायचा क्लँप लावला होता आणि तो एवढा आवळला होता की त्याच्या पट्टीच्या खाचांनी रबर कापलं होतं. गरम झालं की रबर फुगून जोड बंद व्हायचा, थंड झालं की आकसून तिथून झिरपायचं, म्हणून गाडी चालताना कधीच काही दिसलं नाही. लोकांना वाटतं जास्त आवळलं की जास्त पक्कं, इथे तसं नाही. स्प्रिंगच्या क्लिपला रबराबरोबर फुगता-आकसता येतं, दाब सारखा राहतो, स्क्रूचा क्लँप जिथे आवळला तिथेच राहतो. मी नवी होज आणली आणि परत स्प्रिंगची क्लिप लावली. क्लिप पकडीतून सुटली तर जोरात उडते, डोळ्यावर चष्मा हवाच.

हाउसिंगच्या ज्या नळीवर होज बसते तिथे पांढरा खरखरीत थर जमला होता. तो मी प्लास्टिकच्या घासणीने काढला, कानस किंवा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने मारायचा मोह होतो पण प्रत्येक ओरखडा म्हणजे कूलंटला बाहेर यायची वाट. होज चढवताना ग्रीस लावू नका, या होज बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. कूलंटनेच ओलं करा, सहज चढते. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या मागे क्लिप यायला पाहिजे, वर नाही.

कूलंट परत भरताना मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच. रंगावरून ठरवू नका, गुलाबी म्हणजे एकच प्रकार असं काही नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग टाकते. पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं निम्मं, नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आत जमतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवलं, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल थोडी उतरली होती, घाबरू नका, ती उरलेली हवा निघाल्यामुळे उतरते, एकदा भरायची आणि मग लक्ष ठेवायचं.

आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा, भरपूर पाण्याने धुवा. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना अगदी थोडंसं पण जिवावर बेतू शकतं. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आणि मग गॅरेजमध्ये दिलं, ते जुन्या कूलंटची विल्हेवाट लावतात. गटारात ओतू नका प्लीज.

दुरुस्तीनंतर परत रात्रभर थंड, परत टिश्यू, परत १ बार, दोन तास. सगळ्या पट्ट्या कोरड्या. ही दुसरी टेस्ट टाळू नका, कधीकधी दोन ठिकाणी गळत असतं आणि एक बंद केलं की आपण निवांत होतो.

त्या झाकण तपासायच्या तुकड्याबद्दल नंतर सांगते म्हणाले होते ना, तो वापराच, कारण गळती कुठेच सापडत नसेल तर झाकण हा पहिला संशयित असायला हवा. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात, एक जास्तीचा दाब सोडतो आणि दुसरा थंड होताना हवा किंवा कूलंट परत आत घेतो. पहिला लवकर उघडायला लागला तर कूलंट वाफ होऊन वरूनच जातं आणि टेस्टरने गाडी तपासताना ते कळतच नाही कारण तेव्हा झाकण काढलेलं असतं! आमचं झाकण १.१ च्या जवळ उघडलं, ठीक होतं. नंतर माझ्या मैत्रिणीने तिच्या गाडीसाठी हेच किट नेलं, तिचं झाकण पण १.१ चं, ते ०.६ लाच सोडत होतं. फक्त झाकण बदललं आणि तिचा त्रास संपला.

हे किट काय करू शकत नाही ते पण सांगायला हवं. हेड गॅस्केटची बारीक गळती, जी फक्त इंजिन तापल्यावर उघडते, ती यात दिसेलच असं नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट असते, टाकीच्या तोंडावर निळं द्रव्य असलेली नळी धरायची, कूलंटमध्ये जळालेला गॅस येत असेल तर ते पिवळं होतं. एक्झॉस्टमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलमध्ये साईसारखा मळ, अशी लक्षणं असतील तर आधी ती टेस्ट करून घ्या. आणि गाडीत आत गोडसर वास येत असेल, काच आतून तेलकट धुरकट होत असेल, पायाखालची मॅट ओली असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर, तिथे टिश्यू पोचणार नाही, पण दाब देऊन ठेवला की मॅट ओली होते हे मात्र कळतं. गळती बंद करायची पावडर किंवा द्रव टाकीत ओतून मोकळं व्हायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी टाकलं नाही, ते हीटर कोअरच्या बारीक नळ्या पण बंद करू शकतं, आणि माझी तर साधी होज होती.

आता किटबद्दल माझं मत. पंप मजबूत आहे, कपलर छान लागतो, नळीला अजून काही झालेलं नाही. अडॅप्टर भरपूर आहेत, पण कोणता कोणत्या गाडीला याचा तक्ता एवढ्या बारीक अक्षरात आहे की मी शेवटी आटे लावून लावूनच शोधला. गेजवर ०.१ ची घरं आहेत आणि रेघा जाड, ० ते २.५ ऐवजी ० ते १.६ चा गेज दिला असता तर हेच किट दुप्पट उपयोगी झालं असतं. दाब सोडायचा व्हॉल्व्ह कडक आहे, एकदम सुटतो, तर चेहरा लांब ठेवून हळू सोडा, आणि दाब पूर्ण शून्य झाल्याशिवाय अडॅप्टर फिरवू नका. गरम इंजिनवर तर झाकणाला हातच लावायचा नाही, टेस्टर असो नाहीतर नसो. नळी अजून हातभर लांब हवी होती. आणि ती ओ-रिंग, तिच्यासाठी मी पूर्ण अर्धा मार्क कापते.

पाचपैकी साडेतीन. ज्यांच्याकडे एकच नवी गाडी आहे त्यांनी विकत घ्यायची गरज नाही, कोणाकडून तरी मागून आणा, काम दोन दिवसांचं आहे. घरात दोन-तीन जुन्या गाड्या असतील, मित्र-नातेवाईक गाडी घेऊन तुमच्याकडे येत असतील, तर घ्या, सोबत मऊ ओ-रिंगचं पाकीट घ्या.

तीन महिने झाले, बाबांनी परवाच बॉनेट उघडून बघितलं, कूलंट टेपच्या रेघेवर आहे. टेप काढायला मी म्हटलं तर म्हणाले, "राहू दे गं, वर्षभर बघू."